टाचण वेळेवर लिहूनही तास का फसतो?

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या एका सरकारी उच्च प्राथमिक शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिकेने पाठनियोजनाविषयी प्रश्न विचारला आहे. त्या सहावी आणि सातवीला गणित व विज्ञान शिकवतात. रोज रात्री बसून टाचण लिहितात, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, विषयविवेचन, मूल्यमापन असे सारे रकाने भरतात, आणि तरीही चाळीस मिनिटांच्या तासिकेत ठरवलेल्या भागापैकी निम्माच पुरा होतो. मुले शांत बसतात, “समजले का?” असे विचारताच एका सुरात “हो टीचर” म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण आकडे बदलून दिले की बहुतेकांची पेन्सिल थांबते. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या आहेत: टाचणाचा एखादा चांगला नमुना, वेळ पुरवण्याचा उपाय, आणि बाजारात मिळणारे छापील टाचण वापरावे की नाही याविषयी मत. सोबत सहावीच्या अपूर्णांकांच्या बेरजेचे स्वतःचे टाचणही त्यांनी दिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

ते टाचण मी दोनदा वाचले. अक्षर, मांडणी, उद्दिष्टांची भाषा यांत काढण्यासारखी खोट नाही. मात्र त्यातील क्रियापदे पाहावीत. शिक्षक समजावून सांगतील, शिक्षक फळ्यावर तीन उदाहरणे सोडवतील, शिक्षक लसावि काढण्याची रीत स्पष्ट करतील. आणि विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील, निरीक्षण करतील, वहीत उतरवून घेतील. म्हणजे हे नियोजन शिक्षकाच्या हालचालींचे आहे. त्या चाळीस मिनिटांत एखाद्या मुलाच्या डोक्यात काय चालेल, ते कोणते उत्तर देईल, कुठे चुकेल आणि चुकले तर पुढे काय करायचे, यांविषयी त्यात एकही ओळ नाही. नमुना बदलून हा दोष जाणार नाही, कारण रकाने वेगळे केले तरी त्यांत भरली जाणारी वाक्ये हीच राहतील. म्हणून पहिल्या मागणीला मी थेट नमुना देत नाही. टाचण कोणत्या क्रमाने विचार करून लिहावे, हे त्यांच्याच पाठावर सविस्तर दाखवतो.

साच्यांविषयी दोन शब्द बोलून तो विषय संपवतो. डी.एड. आणि बी.एड.ला आपण जे टाचण शिकलो, त्याचा सांगाडा जर्मन विचारवंत हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पंचपदीतून, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांतून, आला. अलीकडच्या प्रशिक्षणांत आपल्याला ‘फाइव्ह ई’ म्हणून जो पाच पायऱ्यांचा साचा देतात, तो अमेरिकेतील विज्ञान शिक्षणाच्या कामातून १९८० च्या दशकात पुढे आला. दोन्ही साच्यांत उत्तम पाठ बसतो आणि दोन्हींत निर्जीव पाठही तितक्याच सहज बसतो. खात्याने जो साचा सांगितला असेल तो भरावा. वाद घालण्याइतका तो महत्त्वाचा नाही.

पुढे जे लिहितो आहे त्यातील काही भाग परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. बेळगाव शहरात वर्गात चाळीस मुले असतात आणि जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला एखाद्या वर्गात आठ; आठ मुलांत प्रत्येकाचे उत्तर तोंडी ऐकता येते, चाळिसांत ते लिहूनच घ्यावे लागते. सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसत असतील तर चाळीस मिनिटे म्हणजे प्रत्यक्षात वीस-वीस मिनिटे. घरची भाषा कोणती यानेही फरक पडतो. निपाणीकडच्या वर्गात बहुतेक घरे मराठी असतात. खानापूरच्या जंगलपट्टीत कोकणी बोलणारी मुले असतात. तालुक्याच्या पूर्वेला कन्नड घरातली, काही ठिकाणी उर्दू घरातली मुलेही मराठी शाळेत येतात. प्रश्नात यांतले काही सांगितलेले नाही, म्हणून मी पंचवीस-तीस मुलांचा, एकाच इयत्तेचा वर्ग गृहीत धरतो आणि बाकीच्या परिस्थितींविषयी ओघात लिहितो.

मी स्वतः टाचण शेवटून लिहायला सुरुवात करतो. पान कोरे असताना सर्वांत खाली तो एक प्रश्न लिहायचा, जो तास संपताना प्रत्येक मुलाला कागदावर सोडवायला द्यायचा आहे आणि ज्याचे उत्तर पाहून मूल शिकले की नाही हे मला कळणार आहे. ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांच्या बेरजेचे आकलन होते’ हे उद्दिष्ट वाचून कोणालाच काही कळत नाही, कारण आकलन डोळ्यांना दिसत नाही. तेच उद्दिष्ट प्रश्नाच्या रूपात मांडले की त्याला धार येते. या पाठासाठी मी असा प्रश्न ठेवीन: “एका मुलाने २/३ + १/४ चे उत्तर ३/७ काढले. बेरीज न करता हे उत्तर चूक आहे हे तुम्ही कसे ओळखाल?” सातचे निम्मे साडेतीन, म्हणून ३/७ हे अर्ध्यापेक्षा कमी, २/३ एकटाच अर्ध्याहून मोठा, मग त्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्याच्या खाली कसे येईल? हे ज्या मुलाला सांगता येते त्याला बेरजेचा अर्थ कळला आहे, मग त्याची लसावि काढण्यातली चूक उद्या दुरुस्त करता येईल. ज्याला रीत येते पण हे सांगता येत नाही, ते मूल परीक्षा संपताच रीत विसरते.

हा प्रश्न लिहिल्याबरोबर आणखी एक गोष्ट उघड होते. तुमच्या टाचणात एका तासिकेत तीन उद्दिष्टे आहेत: समच्छेद अपूर्णांकांची उजळणी, भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज, आणि तिचे शाब्दिक उदाहरणांत उपयोजन. हे एका तासिकेचे काम नाही, किमान तीन तासिकांचे आहे. तुमची वेळेची तक्रार निम्मी इथेच मिटते. वेळ कमी पडत नव्हता, पाठाचा घासच मोठा घेतला होता. मी पहिल्या तासिकेत फक्त ‘छेद वेगळे असताना थेट बेरीज का करता येत नाही’ एवढेच ठेवीन, लसाविची रीत दुसऱ्या तासिकेला आणि शाब्दिक उदाहरणे तिसऱ्या तासिकेला.

शेवटचा प्रश्न ठरला की दुसरी पायरी म्हणजे मुलांच्या चुकांची यादी. पुस्तक मिटून ठेवावे आणि आपल्या वर्गातील तीन मुले डोळ्यांसमोर आणावीत: एक झटपट उत्तर देणारे, एक मधले, एक मागे पडणारे. यातील प्रत्येक जण हे उदाहरण कसे सोडवील? १/२ + १/४ दिले की वर्गातील बरीच मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/६ लिहितात. यात आळस किंवा दुर्लक्ष नसते. पहिलीपासून शिकलेली बेरीज ती इथेही प्रामाणिकपणे लावत असतात, त्यामुळे “असे करायचे नाही” एवढे सांगून ती सवय जात नाही. दुसरी चूक अशी की छेद समान करताना मूल छेद बदलते आणि अंश तसाच ठेवते. तिसरी चूक नसते, शांतता असते: मागे पडणारे मूल काहीच लिहीत नाही. टाचणात या तिन्हींसमोर मी काय करणार हे लिहून ठेवतो. ही तीन-चार ओळींची नोंद माझ्या मते सबंध टाचणातील सर्वांत मोलाची जागा आहे, आणि छापील साच्यात तिच्यासाठी रकानाच नसतो.

आता कृती. इथे आपल्या भागाचा फायदा घ्यावा. भात पिकवणाऱ्या घरांत, निदान आजीच्या बोलण्यात, मापटे आणि चिपटे अजून जिवंत आहेत: दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर. मापे मिळाली तर उत्तम, नाहीतर एकाच मापाचे तीन डबे किंवा कापलेल्या बाटल्या खुणा करून चालतात. “एक मापटे तांदूळ आणि एक चिपटे तांदूळ मिळून किती?” असे विचारल्यावर “दोन” म्हणणाऱ्याला वर्गच विचारतो, दोन काय? मग कोणीतरी मापट्याची दोन चिपटी करते आणि तीन चिपटी हे उत्तर येते. चिपटे हा शेराचा चौथा भाग, म्हणून १/२ + १/४ = ३/४. छेद समान करणे म्हणजे दोन्ही रकमा एकाच मापात आणणे, हे सूत्र सांगण्याआधी मुलांनी हाताने केलेले असते. ज्या मुलांना ही मापे माहीत नाहीत त्यांना पाव, अर्धा आणि पाऊण किलो बाजारातून माहीत असतात, तेवढेही पुरते.

मात्र या मापांची मर्यादा टाचणात लिहून ठेवावी. त्यांत अर्धा आणि पाव येतो, तृतीयांश येत नाही. १/२ + १/३ वर गाडी अडते, आणि बरेच पाठ नेमके इथे सूत्राकडे उडी मारतात. तिथे कागद उपयोगी पडतो. प्रत्येक जोडीला १८ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद असे दोन तुकडे द्यावेत. हे आकडे मुद्दाम निवडले आहेत, कारण कागदाचे तीन समान भाग घडी घालून करणे सहावीच्या मुलांना जमत नाही आणि दहा मिनिटे त्यातच जातात. पट्टीने दर ६ सेंटिमीटरवर खूण केली की १८ चे तीन भाग चटकन होतात. एका कागदावर रुंदीच्या मध्ये आडवी रेघ मारून निम्मा भाग रंगवायचा, दुसऱ्यावर दोन उभ्या रेघा मारून तीनपैकी एक भाग रंगवायचा. “दोन्ही रंगलेले भाग मिळून किती?” हे सांगता येत नाही, कारण तुकडे सारखे नाहीत. मग दोन्ही कागदांवर दुसऱ्या कागदाच्या रेघाही मारल्या की प्रत्येकावर सहा सारखे चौकोन मिळतात, एकावर तीन रंगलेले आणि दुसऱ्यावर दोन. उत्तर ५/६. अशाच आणखी दोन कागदांवर १८ सेंटिमीटरचे तीन आणि १२ सेंटिमीटरचे चार भाग केले तर बारा चौकोन होतात आणि शेवटच्या प्रश्नातील २/३ + १/४ ची बेरीज ११/१२ ही दुसऱ्या दिवशी पडताळता येते.

हे होत असताना तुम्ही कमी बोलायचे आहे, आणि हीच गोष्ट नव्या शिक्षकाला सर्वांत अवघड जाते. प्रश्न विचारल्यावर थांबणे हेही नियोजनाचा भाग आहे. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. तो अवधी तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होऊ लागली. म्हणून मी टाचणात महत्त्वाचे प्रश्न शब्दशः लिहितो आणि त्यांच्यापुढे ‘थांबणे’ असे लिहून ठेवतो. शब्दशः लिहिण्याचे कारण असे की ऐन वेळी सुचलेला प्रश्न बहुधा हो-नाही उत्तराचा असतो. “समजले का?” हा प्रश्न मी वर्गातून काढूनच टाकला आहे, त्याचे खरे उत्तर देण्याची सोय कोणत्याही मुलाला नसते. त्याऐवजी सर्वांनी वहीच्या मागच्या पानावर उत्तर लिहायचे आणि मी रांगांतून फिरत फक्त पाहायचे.

तुमच्या टाचणातील प्रस्तावना आणि हेतुकथन यांविषयी एक सूचना आहे. “आज आपण भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज लसावि काढून कशी करायची ते शिकणार आहोत” असे तुम्ही लिहिले आहे. यात पाठाचे रहस्य पहिल्याच वाक्यात फुटते. विज्ञानात तर याने अधिक नुकसान होते. सहावी-सातवीला माती आणि तिच्यात पाणी मुरणे हा विषय घेताना खानापूरच्या मुलांजवळ अप्रतिम साहित्य असते: कौले आणि भांडी करायला वापरतात ती चिकणमाती, भातखाचरातील माती आणि रानातील तांबडी माती. तळाला भोके पाडलेल्या तीन बाटल्यांत त्या भरून सारखेच पाणी ओतायचे असेल, तर ओतण्याआधी प्रत्येकाने कोणत्या बाटलीतून पाणी आधी गळेल याचा अंदाज आणि त्याचे कारण लिहिले पाहिजे. हेतुकथनात “चिकणमातीत पाणी हळू मुरते हे आज आपण पाहू” असे म्हटले की अंदाजाला काही अर्थच उरत नाही, मुले केवळ आपण सांगितलेले खरे ठरताना पाहतात. हेतुकथन ठेवावे, पण ते प्रश्नाच्या रूपात: “मापट्यात चिपटे मिळवले तर किती, हे आज लिहून कसे दाखवायचे?”

आता वेळ. चाळीस मिनिटांची तासिका कधीच चाळीस मिनिटांची नसते. परिपाठ लांबला, क्षीरभाग्य या सरकारी योजनेचे दूध वाटायला उशीर झाला, आधीच्या तासाच्या वह्या गोळा व्हायच्या राहिल्या, की चार-पाच मिनिटे गेलीच. म्हणून मी छत्तीस मिनिटांचे नियोजन करतो. या पाठात स्थिर होण्याला ४, पहिल्या प्रश्नाला ५, मापांना ५, कागदाला १२, मुलांनी केलेले गणिती चिन्हांत लिहिण्याला ५ आणि शेवटच्या चिठ्ठीला ५. उरलेली ४ मिनिटे कोणाच्याच नावावर नाहीत. याशिवाय टाचणाच्या समासात एका भागापुढे ‘गळले तरी चालेल’ अशी खूण करावी. इथे ती मापांच्या भागापुढे येईल, कारण कागदाने तेच काम होते. शेवटची पाच मिनिटे मात्र कधीही गाळायची नाहीत. घंटा होईपर्यंत शिकवत राहणारा शिक्षक मेहनती दिसतो, पण मुलांना काय आले हे न कळताच तो वर्गाबाहेर पडतो.

शेवटच्या पाच मिनिटांत वहीच्या पावपानाएवढी चिठ्ठी घ्यावी. ती तपासायची नसते, गुण द्यायचे नसतात, लाल शाई तर अजिबात नको. शाळा सुटल्यावर चिठ्ठ्यांचे तीन ढीग करावेत: ज्यांनी कारण बरोबर दिले, ज्यांची ठरावीक चूक झाली, आणि जे कोरे राहिले. पंचवीस-तीस चिठ्ठ्यांना पाच-सात मिनिटे पुरतात. दुसऱ्या दिवशीच्या टाचणाची पहिली ओळ या ढिगांवरून लिहायची. मधला ढीग मोठा असेल तर लसावि पुढे ढकलून कागद पुन्हा काढायचा. पहिला मोठा असेल तर पुढे जायचे आणि कोऱ्या चिठ्ठीवाल्या चार मुलांना दुपारच्या जेवणानंतर वेगळे बसवायचे. टाचण आदल्या रात्री एका बैठकीत पुरे होत नाही, त्याची एक ओळ वर्ग संपल्यावरच लिहिता येते, असे मी म्हणतो ते यासाठीच.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सीमाभागात तो टाळता येत नाही. आपले पाठ्यपुस्तक मराठीत असले तरी त्याची मराठी घरात बोलली जात नाही. उद्याचा परिच्छेद रात्री मोठ्याने वाचून पाहावा. आपण स्वतः जिथे अडखळतो तिथे मुले थांबणारच. प्रत्येक पाठातील अडणाऱ्या तीन-चार शब्दांची नोंद करावी आणि ते शब्द कृतीनंतर आणावेत. मुलांनी सारखे चौकोन करून बेरीज केली, मग “याला समच्छेद करणे म्हणतात” असे सांगितले, तर तो शब्द चिकटतो. आधी व्याख्या लिहून दिली तर ती पाठ होते, बस. कन्नड किंवा कोकणी घरातल्या मुलाने अंदाज स्वतःच्या भाषेत सांगितला तर तो तसाच घ्यावा आणि फळ्यावर मराठीत लिहावा. गणिताच्या तासाला त्याची भाषा सुधारण्याचे काम काढू नये, त्यासाठी वेगळा तास आहे.

याच संदर्भात आणखी एक व्यावहारिक गोष्ट. प्रशिक्षणातील साहित्य अनेकदा कन्नडमधून हातात पडते आणि मराठी माध्यमाचे शिक्षक मग पुण्याच्या बालभारतीच्या पुस्तकांकडे किंवा महाराष्ट्रातील शिक्षकांच्या व्हिडिओंकडे वळतात. उदाहरणे आणि सराव यांसाठी तो साठा चांगला आहे, मीही वापरतो. परंतु घटकांचा क्रम आणि काही ठिकाणी परिभाषा आपल्या पुस्तकापेक्षा वेगळी असते, शिवाय त्यांचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते आणि आपले मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी. त्यामुळे क्रम आणि शब्द कर्नाटकच्या पुस्तकाचे, उदाहरणे हवी तिथली, हा नियम पाळावा. कन्नड साहित्य वाचण्यासाठी शाळेतल्याच कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्याची अर्ध्या तासाची मदत मागण्यात संकोच करू नये.

वार्षिक आणि घटक नियोजन बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवले जाते, आणि तास फसण्याचे एक कारण तिथेही दडलेले असते. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास सांगितले आहेत, पण ते दिवस सारखे नसतात. खानापुरात जुलैत ओढे भरतात, सुट्ट्या जाहीर होतात आणि त्याच आठवड्यांत भाताची रोपलावणी असल्याने मोठी मुले शेतात थांबतात. ज्यावर पुढचे दोन महिने उभे राहणार आहेत असा घटक त्या आठवड्यांत घातला तर निम्मा वर्ग त्याला मुकतो. तिथे भूमितीतील आकृत्या, मापन, मातीचा प्रयोग असे एका तासात सुरू होऊन एका तासात संपणारे पाठ ठेवावेत आणि अपूर्णांक थोडे पुढे सरकवावेत. दसऱ्याच्या सुट्टीआधी एफए-१, एफए-२ (आकारिक मूल्यमापन) आणि एसए-१ (संकलित मूल्यमापन) होतात, त्यांचा अभ्यासक्रम सांभाळून एवढी हलवाहलव मुख्याध्यापकांशी बोलून करता येते. चिकोडी, अथणीकडच्या शिक्षकांना हाच विचार कारखाने सुरू होण्याच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांसाठी करावा लागेल. वर्षारंभीच्या सेतुबंधातील (मागच्या इयत्तेच्या उजळणीतील) नैदानिक चाचणीचे कागदही फायलीत घालून विसरू नयेत. सहावीत आलेल्या कोणत्या मुलाला अर्धा आणि पाव चित्रात ओळखता येत नाही, हे त्या कागदांत जूनमध्येच दिसलेले असते.

दोन इयत्ता एकत्र असतील तर नलीकली या कर्नाटकातील खालच्या इयत्तांच्या कृतीआधारित पद्धतीतील विचार वरच्या वर्गांत वापरता येतो. १९९५ मध्ये मैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या या पद्धतीत मुले पाच गटांत बसतात: पूर्णपणे शिक्षकाच्या मदतीने शिकणारी, अंशतः शिक्षकाच्या मदतीने, सोबत्यांच्या मदतीने, अंशतः सोबत्यांच्या मदतीने आणि स्वतः शिकणारी. पाच गट वरच्या वर्गांत झेपत नाहीत, दोन पुरतात. सहावीला कागदाची कृती चालू असताना सातवीला कालच्याच विषयाचा सराव द्यावा, ज्यात नवे काही नाही आणि ज्याची उत्तरे जोडीदार तपासू शकतो. दोन्ही इयत्तांना एकाच दिवशी नवा भाग देण्याचा मोह आवरावा.

हे सारे वाचून तुम्ही विचाराल की दिवसाला सहा तासिका असताना प्रत्येकीसाठी एवढा विचार कसा करायचा. करायचा नाही. कायद्याने शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्यांत तयारीचा वेळ धरला आहे हे खरे, पण जनगणना, मध्यान्ह आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून तो वेळ किती उरतो हे आपण जाणतोच. मी दिवसाकाठी एकाच पाठाचे सखोल टाचण करतो, शक्यतो नव्या संकल्पनेचे. बाकीच्या तासिकांना चार ओळी: शेवटचा प्रश्न, अपेक्षित चूक, एक कृती, आणि कालच्या चिठ्ठीवरून आलेली सुरुवात. सखोल टाचणे जपून ठेवावीत. पुढच्या वर्षी त्याच पाठाला नवी मेहनत लागत नाही, फक्त समासातील नोंदी वाचाव्या लागतात. गृहपाठालाही मी फार जागा देत नाही. तीन उदाहरणे, त्यांतील एक आजीला किंवा बाजारात विचारून सोडवायचे, एवढे पुरे.

तपासणीचा धाक नव्या शिक्षकाला असतो, तो साहजिक आहे. सीआरपी (शाळासमूहाचे साधन व्यक्ती) किंवा बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) साहेब येतात तेव्हा ठरलेल्या साच्यातील वही त्यांना दिसली पाहिजे. ती भरावी, पण वर्गाबाहेरच्यांसाठी आणि वर्गासाठी अशी दोन टाचणे करत बसू नये. अधिकृत रकान्यांतच हे बसते: मूल्यमापनाच्या रकान्यात शेवटचा प्रश्न शब्दशः, विद्यार्थी कृतीच्या रकान्यात ‘ऐकतील’ ऐवजी ते प्रत्यक्ष काय करतील, आणि शेऱ्याच्या जागी चिठ्ठ्यांचे तीन आकडे. तपासणी करणारे बहुतेक अधिकारी एके काळी वर्गात उभे राहिलेले असतात. असे पान त्यांना चटकन ओळखू येते आणि चर्चा रकान्यांवरून मुलांकडे वळते, असा माझा अनुभव आहे.

छापील टाचणाविषयी मत विचारले आहे. उद्दिष्टांची शास्त्रीय भाषा, घटकांच्या तासिकांची ढोबळ विभागणी आणि खात्याला हवे ते शब्द त्यात तयार मिळतात, म्हणून ते विकत घेण्यात गैर काही नाही आणि त्यातून साच्याचा भाग उतरवून घेतल्याने रात्रीचा अर्धा तास वाचतो. विकत घेताना ते आपल्याच राज्याच्या चालू पाठ्यपुस्तकावर बेतलेले आहे ना, एवढे पाहावे, कारण कोल्हापूर किंवा गडहिंग्लजच्या दुकानात मिळणारे टाचण तिकडच्या पुस्तकांचे असते. वाचलेला तो अर्धा तास सोमवारच्या अपूर्णांकांच्या तासासाठी वापरावा: कागद १८ बाय १२ चे कापून ठेवणे, दोन-तीन घरांतून मापटे-चिपटे मागवणे, आणि आपल्या वर्गातील कोणते मूल २/६ म्हणेल याचा अंदाज नावासह लिहून ठेवणे.